ड्रमसमोरच्या चपला

माझी मावशी कुठलंही बटण दाबण्याआधी वाकून बघते. दुकानातली शिलाई मशीन असो, घरातला मिक्सर असो, नाहीतर साधा पंखा. गुडघ्यावर हात टेकून खाली वाकणार, टेबलाखालून, मशीनखालून, दारापर्यंत नजर फिरवणार, मग सरळ होऊन बटण दाबणार. नवी गिऱ्हाइकं विचारतात, "आजी, काही हरवलं का?" जुनी विचारत नाहीत. म्हातारपणी माणसाला काहीही सवय लागते, असं त्यांना वाटतं. मी मात्र हे लहानपणापासून बघते आहे. माझी आई गेली तेव्हा मी बोबडं बोलत होते. माय मरो मावशी जगो म्हणतात, ते माझ्या बाबतीत शब्दशः खरं झालं. मावशी तेव्हा तिशीचीही नव्हती, आणि तेव्हाही ती अशीच वाकायची.

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. माझं कपडे शिवायचं दुकान आहे. गिऱ्हाईक सारखं माप बदलायला लागलं की मी सरळ म्हणते, बाई, आधी काय ते ठरवा, मग कापड आणा. मावशी खिडकीपाशी काज-बटण करत बसलेली असते, ती माझ्या वतीनं गिऱ्हाइकाकडे बघून हसते. निम्मं दुकान तिच्या त्या हसण्यावर चालतं. काजं करायचं मशीन घ्यायचं मी कितीदा तरी काढलं. ती म्हणते, माझे हात चालताहेत तोवर नको. घरात कपडे धुण्याचं मशीनही तिनं येऊ दिलेलं नाही. दोघींचे कपडे ती हातानं धुते, ब्लँकेटंसुद्धा. एकदा मी वैतागून म्हटलं, "तू मेल्यावर तरी घेऊ देशील का?"

"तेव्हा घे," ती म्हणाली. "मला कुठे ऐकू येणार आहे."

ती विशीत असताना एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे, कारखानाच होता तो. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, ब्लँकेटं, सगळं ट्रकनं यायचं आणि ट्रकनं जायचं. एका बाजूला धुण्याच्या टाक्या, मध्ये वाळवायचे लोखंडी ड्रम, पलीकडच्या खोलीत इस्त्रीचे रोलर. ड्रम म्हणजे आडवं टाकलेलं पिंप समजा, पण एवढं मोठं की बारीक अंगाची बाई आत वाकून उभी राहील. आत गरम हवा सोडायची आणि ड्रम फिरवायचा.

तिथे चौघींची गट्टी होती. एक मडम, कारण साबणाच्या पाण्यात हात घालतानाही तिला केस नीटनेटके लागायचे. एक रेडिओ, कारण तिचं तोंड सकाळी सुरू झालं की बंद करायचं बटण कुणाला सापडत नसे. एक मुंगी, एवढीशी, आणि स्वतःच्या दुप्पट ओझं उचलणारी. आणि चौथी माझी मावशी, तिला म्हणायचे फौजदार, कारण ती सगळ्यांना नियम शिकवायची. माझी मावशी आणि फौजदार. आज रांगेत कुणी घुसलं तर ही स्वतः मागे सरकते.

टॉवेलांची लव ड्रमच्या आत साचते. ती हातानं खरवडून काढावी लागे, आणि ते काम बहुतेक वेळा मुंगीकडे यायचं. लव उडून धुतलेल्या चादरींवर बसू नये म्हणून आत गेलेली बाई ड्रमचं दार आतून ओढून घ्यायची. बाहेरून बघणाऱ्याला आत कोणी आहे की नुसते कपडे, काही समजायचं नाही. आणि सगळ्या ड्रमची बटणं तर लांब, समोरच्या भिंतीवर. म्हणून बायकांनीच एक रीत पाडली होती. आत जाणारीनं आपल्या चपला ड्रमसमोर काढून ठेवायच्या. चपला दिसल्या की आत माणूस आहे. मध्ये कपड्यांच्या ढकलगाड्या उभ्या असायच्या, त्यामुळे बटण दाबणारीनं आधी वाकून गाड्यांखालून फरशीवर नजर टाकायची. चपला नसतील तरच दाबायचं.

त्या वर्षी चौघींनी एका दुकानातून सारख्याच चपला घेतल्या होत्या, पट्ट्यावर पितळी बटण असलेल्या. मैत्रीची खूण म्हणे. मावशीनं मला हे एकदाच सांगितलं, आणि वर म्हणाली, "केवढी हौस बघ."

त्या दिवशी बटणांवर मावशी होती. तिनं वाकून बघितलं, चपला नव्हत्या, तिनं बटण दाबलं आणि ती रोलरच्या खोलीत निघून गेली. जाताना मागून आवाज येत होता, ढप, ढप. ओलं ब्लँकेट फिरताना असाच आवाज येतो. पुढे रोलरच्या घरघरीत तिला काही ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं आरडाओरडा झाला म्हणून ती धावत आली, तर मुकादमानं ड्रम बंद केला होता, दार उघडलं होतं, आणि आत मुंगी होती. ड्रमसमोर फरशीवर मुंगीच्या चपला होत्या. एकीला एक लावून, सरळ ठेवलेल्या. सगळ्यांनी पाहिल्या.

"मघाशी नव्हत्या," मावशी म्हणाली.

"मग आता काय चालत आल्या?" मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला.

पुढचं तुम्हाला सांगायला नको. चौकशी झाली, हलगर्जीपणा ठरला, मावशीची नोकरी गेली. ठरलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी निरोपही धड पाठवला नाही. मडम आणि रेडिओ परत कधी तिच्या दारात आल्या नाहीत. मुंगीची आई मात्र आमच्या मागच्याच गल्लीत राहायची. मावशी समोरून जाताना दिसली की ती दारात येऊन उभी राहायची आणि एकच म्हणायची, "खरं बोल." मी मावशीचं बोट धरून चाललेली असायचे. सुरुवातीला मावशी म्हणायची, "नव्हत्या, काकू." मग काही वर्षांनी ती नुसतीच मान खाली घालून पुढे जायला लागली. आणि एकदा, मी चांगली मोठी झाल्यावर, काज करता करता मला म्हणाली, "असतीलही गं चपला. सगळ्यांनी पाहिल्या, म्हणजे असतीलच. माझेच डोळे फुटले असतील." मी तिला फार बोलले त्या दिवशी. पण तिच्या मनात एकदा जे शिरलं ते शिरलंच.

आणि मग मागच्या थंडीत मुंगीच्या आईची सून दुकानात आली. कापड नाही, माप नाही, नुसतीच उभी. म्हणाली, "मावशी, आमच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. डॉक्टरनं हात टेकलेत. त्यांचा जीव तुमच्यात अडकलाय. म्हणतात, तिला एकदा बोलवा, एकदा खरं सांगू दे, मग मी सुटेन."

ती गेल्यावर मावशीनं सुई बाजूला ठेवली. मी म्हटलं, "जा आणि सांग, नव्हत्या म्हणून. आधी सांगायचीस तेच."

"आणि असल्या तर?" ती म्हणाली. "मरणाऱ्या माणसासमोर खोटं पडायचं का मी? मला आधी कळलं पाहिजे. त्या दोघी तिथेच होत्या. त्यांनी काहीतरी पाहिलं असेल."

रेडिओ पलीकडच्या वस्तीत मुलाकडे राहते, एवढं मला ठाऊक होतं. मी गेले. दार उघडणारी बाई इतकी गप्प होती की मला वाटलं मी चुकीच्या घरी आले. मी मावशीचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मडमकडे या. मी पण येते. एकटी मी काही बोलणार नाही." बस. जिचं नाव रेडिओ, तिच्या तोंडून एवढंच. परत येताना मला एकच वाटत होतं. चांगली बातमी असती तर तिनं तिथल्या तिथे दिली असती.

मडमचं घर वरच्या मजल्यावर होतं, मोठं आणि फार स्वच्छ. दुपारची वेळ, पण पडदे ओढलेले. रेडिओ आमच्या आधीच येऊन खुर्चीच्या कडेवर बसली होती. मडमचे केस आता पांढरे, पण एकही बट इकडची तिकडे नाही. आम्ही दारात चपला काढायला लागलो तशी ती लगबगीनं पुढे आली.

"बाहेर नको. आत कपाटात ठेवा. मला चपला पडलेल्या बघवत नाहीत."

मला वाटलं, श्रीमंतांची थेरं. पण मावशी एक चप्पल पायात, एक हातात, अशी थांबली होती.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

मडमनं कपाटाचं दार उघडून धरलं फक्त.

भिंतीवर एका माणसाचा मोठा फोटो होता, जाड मिशा, टाय लावलेला. मावशी फोटोखालीच बसली. माझ्या कानाशी म्हणाली, "मुकादम." मडमचं त्याच्याशी लग्न झाल्याचं तिला ठाऊक होतं, मला नव्हतं. मी त्या फोटोकडे नीट बघून घेतलं. ज्यानं माझ्या मावशीचं आयुष्य एका वाक्यात निकालात काढलं तो माणूस हा, आणि इथे मस्त फ्रेममध्ये बसला होता.

मागच्या खोलीत कामवाली धुण्याचं मशीन लावून गेली होती. आत काहीतरी जड असावं. ढप. मग जरा शांत. मग ढप. मडमचं लक्ष गेलं आणि ती उठायला लागली. "बंद करते मी ते."

"राहू दे," मावशी म्हणाली. "चालू दे."

माझ्या मावशीचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. फौजदार कशी बोलत असेल ते मला त्या दिवशी कळलं. ती दोघींकडे आळीपाळीनं बघत म्हणाली, "मुंगीची आई चाललीय. तिनं मला बोलावलंय. मला एकच विचारायचं आहे, आणि मग मी तुमच्या वाटेला जाणार नाही. चपला होत्या की नव्हत्या?"

मडम म्हणाली, "किती जुनी गोष्ट. आता उकरून काय मिळणार आहे? मेलेलं माणूस परत येतं का?"

"मेलेलं येत नाही," मी म्हटलं. "जिवंत बसलंय त्याचं विचारतोय आम्ही."

मावशीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणजे गप्प बस.

तेव्हा रेडिओ बोलली. खाली फरशीकडे बघत. "नव्हत्या. तुझे डोळे ठीक होते."

मावशीच्या तोंडून एक आवाज निघाला. रडण्याचा नव्हे. डोक्यावरचं जड गाठोडं खाली टेकवताना माणूस जो श्वास सोडतो, तसला. मला रडू आलं. मला वाटलं झालं, मिळालं जे हवं होतं ते, आता उठावं आणि जावं. पण मावशी उठली नाही. मडमच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि त्या चेहऱ्यावर सुटल्याचं काहीच नव्हतं.

"मी टाकीपाशी होते," रेडिओ म्हणाली. "ही मागच्या दारातून आली. अनवाणी. चपला हातात. ड्रमसमोर ठेवल्या, सरळ केल्या. मागून मुकादम आला. मग त्यानं ड्रम थांबवायचा लाल दांडा ओढला आणि ओरडायला लागला, पळा पळा म्हणून."

"म्हणजे चपला ठेवल्या तेव्हा ड्रम फिरत होता?" मी विचारलं.

"फिरत होता."

मागच्या खोलीत ढप झालं. मग मडम एकदम बोलायला लागली, आणि सुरू झाल्यावर थांबेना. टाकीवर अनवाणीच काम करायचं असायचं. मुकादमानं मागच्या दारातून तिला खूण केली. त्यांचं तेव्हा नुकतंच जमलं होतं, कुणाला माहीत नव्हतं. ती घाईघाईत निघाली, वाटेत चपला दिसल्या, आपल्याच आहेत असं वाटून तिनं पाय घातले आणि गेली. तिचा आणि मुंगीचा पाय एकाच मापाचा. दाराबाहेर ते दोघं बोलत उभे होते, तेवढ्यात ड्रम सुरू झाला.

"मी खाली बघितलं," मडम म्हणाली. "माझ्या डाव्या चपलेचं बटण कधीच पडलं होतं. पायात होत्या त्या चपलांना दोन्ही बटणं होती."

मावशीनं अगदी हळू विचारलं, "लाल दांडा कुठे होता?" ती तिथेच काम करत होती, तिला माहीत नव्हतं असं नाही.

"दाराशीच."

"म्हणजे हात लांब केला असता तर."

"हो."

"मग?"

"मी केला होता हात लांब. यानं धरला." तिनं फोटोकडे बघितलं नाही, पण तिची मान तिकडे वळली. "म्हणाला, आता दांडा ओढलास तर सगळे येतील आणि तुझे पाय बघतील. आधी चपला जागेवर ठेव. मग मी बंद करतो."

"आणि तू ठेवल्यास."

"ठेवल्या."

मागचं मशीन थांबलं. एवढा वेळ ज्या आवाजाचा राग येत होता, तो गेल्यावर खोली आणखीच वाईट झाली. मी रेडिओकडे वळले. म्हटलं, "आणि तुम्ही? तुम्ही काय केलंत?"

"मला त्याच आठवड्यात रोलरवर हलक्या कामाला घेतलं," ती म्हणाली. "मी मागितलं नव्हतं. पण नकोही म्हटलं नाही. आणि त्यानंतर मला बोलायचीच भीती बसली, पोरी. काही बोलायला गेले की हेच तोंडातून बाहेर पडेल असं वाटायचं. म्हणून मग बोलणंच सोडलं."

मावशीनं आणखी एक विचारलं. ते तिनं विचारायला नको होतं, मी आजही तिला म्हणते. तिनं विचारलं, "ओरडली का ती?"

रेडिओनं मडमकडे बघितलं.

"सांगा."

"हाका मारत होती," रेडिओ म्हणाली. "तुला. फौजदार, फौजदार म्हणून. बटणावर तू असतेस हे तिला माहीत होतं ना."

त्यानंतर मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी त्या फोटोलाही सोडलं नाही. मडम खाली मान घालून ऐकत होती, आणि मध्येच, अगदी घाबरलेल्या आवाजात तिनं मावशीला विचारलं, "आता तू म्हातारीला सगळं सांगणार?"

"माझ्या चपला दे," मावशी म्हणाली.

मडम उठली. कपाट उघडून तिनं मावशीच्या चपला काढल्या, खाली वाकून मावशीच्या पायांपुढे ठेवल्या आणि एकीला एक लावून सरळ केल्या. मावशी तिच्या हातांकडे बघत होती. चपला सरळ झाल्यावरही बघत होती. मग तिनं पाय घातले आणि आम्ही निघालो.

रेडिओ आमच्या मागोमाग जिना उतरली. "मी येते म्हातारीकडे," म्हणाली. "मीच सांगते. निदान एवढं तरी करू दे मला." मी म्हटलं, चला, आत्ताच्या आत्ता चला, उद्या तुमचं मन फिरेल. मला तर कधी एकदा त्या गल्लीत जाते असं झालं होतं. दारात उभी राहून "खरं बोल" म्हणणाऱ्या त्या बाईला खरं काय ते ऐकवायचंच होतं मला. माझ्या मनात तिची दया नव्हती, खोटं कशाला सांगू.

सुनेनं आम्हाला मागच्या खोलीत नेलं आणि ती दारातच उभी राहिली. पलंगावर म्हातारी इतकी लहान झाली होती की चादरीखाली माणूस आहे की नुसती घडी, कळत नव्हतं. मुंगी कोणावर गेली होती ते मला तिथे समजलं. पण डोळे तेच होते, दारातले.

"आलीस," ती म्हणाली.

"आले, काकू."

"मला आता जास्त वेळ नाही. एकदा खरं बोल. होत्या का चपला?"

रेडिओ पुढे सरकली. तिनं तोंड उघडलं, आणि मावशीनं तिचं मनगट धरलं. कारण म्हातारी अजून बोलत होती, तिचं संपलं नव्हतं.

"तुला सांगू," म्हातारी म्हणाली, "चपलांचं मी तोंडानं विचारते. मनात वेगळंच असतं. रोज झोपताना मनात येतं, आत असताना तिला कळलं असेल का. तिनं कुणाला हाक मारली असेल का. मारली असेल आणि कुणी गेलं नसेल, असं तर झालं नाही ना. ते आलं की मी उठून बसायची. आता उठताही येत नाही."

मावशी पलंगाच्या कडेवर बसली. तिनं म्हातारीचा हात हातात घेतला. तो हात एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"चपला होत्या, काकू," ती म्हणाली. "मी बघितल्या नाहीत. घाईत होते. चुकलं माझं. आणि हाक नाही मारली तिनं. पहिल्याच फेऱ्यात गेली ती, काही कळायच्या आत. मी तिथेच उभी होते. हाक मारली असती तर मला ऐकू आली नसती का?"

मी बोलणार होते, देवाशपथ बोलणार होते. पण मावशीनं माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड मिटलं.

म्हातारीनं डोळे मिटले. डोळे न उघडताच म्हणाली, "एवढंच बोलायला एवढी वर्षं लागली तुला?" आणि मग, "जा आता." मावशीच्या डोक्यावर हात नाही ठेवला, माफ केलं म्हणाली नाही. हात सोडवून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. दारातल्या सुनेनं सगळं ऐकलं होतं.

रस्त्यावर आल्याबरोबर मी मावशीवर तुटून पडले. "तुला वेड लागलंय का? आयुष्यभर जे ऐकायला तडफडलीस ते आज कळलं, आणि आजच उलटं सांगून आलीस?"

"नव्हत्या म्हटलं असतं तर ती विचारणार, मग गेल्या कुठे," मावशी म्हणाली. "ते सांगितलं की विचारणार, मग दांडा का नाही ओढला. मग हाक. ती उरलेले दिवस ते घेऊन पडून राहिली असती, कूसही बदलता येत नसताना. माझ्यावर रागावून मरणं त्यापेक्षा सोपं आहे. त्याची तिला सवय आहे."

"आणि तुझं काय?"

"मला कळलं ना," ती म्हणाली. "माझं झालं."

झालं कसलं. म्हातारी त्याच आठवड्यात गेली, झोपेत. सून चांगली बाई आहे, पण तिच्या पोटात काही राहत नाही. गल्लीभर झालं, शेवटी कबूल केलं म्हणे, मरणाऱ्या बाईसमोर कबूल केलं, एवढी वर्षं तोंड वर करून खोटं बोलत होती. एकीनं माझ्याकडे शिवायला टाकलेलं कापड परत नेलं. तिच्या पोरीच्या शाळेच्या गणवेशाला मावशीचा हात लागायला नको होता. मावशीनं ते कापड स्वतः घडी घालून तिच्या हातात दिलं. गल्लीत एक अक्षर बोलायचं नाही असं तिनं माझ्याकडून आधीच वदवून घेतलं होतं. मी दात-ओठ खात गप्प बसले. मला ते जमत नाही, अंगाला खाज सुटते.

मडमचा फोन दुकानावरच आला. तिला रेडिओकडून सगळं कळलं होतं. रडत होती, मला पलीकडूनही ऐकू येत होतं. "तू माझी लाज राखलीस. तुझे उपकार मी कसे फेडू?"

"तुझ्यासाठी मी काही केलेलं नाही," मावशी म्हणाली. "तू एक कर. तब्येत जप. औषधं वेळेवर घेत जा. तू खूप जग. शंभर वर्षं जग." आणि तिनं फोन ठेवला. हेच शब्द ती मला दर वाढदिवसाला म्हणते. त्या दिवशी ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. रेडिओ आता कधीमधी दुकानात येऊन मावशीपाशी बसते. ती सांगत होती, मडमनं ते धुण्याचं मशीन विकून टाकलं. तरी दुपारी तिला मागच्या खोलीतून आवाज येतो, आणि ती उठून बघायला जाते.

परवा सकाळी मी दुकान उघडलं. मावशी नेहमीसारखी गुडघ्यावर हात टेकून मशीनखाली वाकली. मी म्हटलं, "आता कशाला वाकतेस? आता तर कळलं ना, तू चुकली नव्हतीस."

"तेव्हाही वाकलेच होते की," ती म्हणाली, आणि बटण दाबलं.

मशीन सुरू झालं. पूर्वी बटण दाबलं की ती सरळ खिडकीपाशी आपल्या जागेवर जायची. हल्ली जात नाही. मशीनपाशीच मान तिरकी करून उभी राहते, बराच वेळ. मी विचारलं, "मग आता कशाला थांबली आहेस?"

"तेव्हा वाकले होते," मावशी म्हणाली. "थांबले नव्हते."